काळीज, वजडी आणि ‘अपूर्णब्रह्म’

लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाली. मराठी पाकवाङ्मयातील या मान्यवर ग्रंथांमागे जी चूल आहे, ती गावकुसाच्या आतली. गावकुसाबाहेरच्या चुलीला ग्रंथरूप देणे, हे शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथाचे प्रयोजन होय. मराठवाड्यातील महार व मांग या समाजांची खाद्यसंस्कृती हा त्याचा विषय. भूषण कोरगांवकर यांचे इंग्रजी भाषांतर २०२४ साली निघाले.

जेवणापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातील वचनास एक ‘अ’ जोडून ग्रंथाचे नाव सिद्ध झाले आहे. अन्न ब्रह्म खरे. परंतु ज्याच्या वाट्यास शिळी भाकरी आणि टाकाऊ मांस आले, त्याच्यापुरते ते पूर्ण कसे, हा प्रश्न त्या एका अक्षरात आहे.

टाकाऊ मानलेल्या या अन्नालाही स्वतःचे शास्त्र होते. काळीज, रक्ती व वजडी टिकत नाहीत. म्हणून ती आधी शिजवावयाची. उरलेल्या मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या करावयाच्या. बीड जिल्ह्यातील उमापूरकडील कोरड्या मुलखात ऊन हेच परिरक्षक. गोमंतकातील ‘सोरपोतेल’ याच्याशी ताडून पाहण्याजोगे आहे. डुकराचे मांस, काळीज व रक्त यांचा हा पदार्थ मूळ पोर्तुगालचा; तो शिरक्याने टिकतो आणि मुरल्यावर अधिक रुचकर लागतो. मात्र सोरपोतेल सणासमारंभाच्या पंगतीत मानाने वाढले जाते, वजडीचे नाव दबक्या आवाजात घेतले जाते. सबब पदार्थाची प्रतिष्ठा जिनसांवर नव्हे, तर खाणाऱ्याच्या सामाजिक स्थानावर ठरते, असा निष्कर्ष प्राप्त होतो.

तथापि येथे एक गंभीर पेच उद्भवतो. १९२७ साली महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचा उपदेश केला. अनेकांनी ते स्वाभिमानापोटी सोडले. जे निश्चयपूर्वक टाकले, त्याची पाककृती लिहिणे हा त्या निश्चयाचा अवमान नव्हे काय?

तसे म्हणता येत नाही. त्यागाचे मोल त्यागिलेल्या वस्तूच्या ज्ञानावाचून कळत नाही. शिवाय लादलेले दैन्य आणि त्या दैन्यातही भाकरीला चव आणणारे स्त्रियांचे कौशल्य या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा धिक्कार करताना दुसरीची नोंद पुसली जाऊ नये. अशा ग्रंथात खंडन आणि पाककृती यांचे सूर सहज जुळत नाहीत, हे खरे. परंतु केवळ खंडनाने चूल दिसली नसती आणि केवळ पाककृतींनी ती गावकुसाबाहेर का पेटली, हे कळले नसते. हा विसंवाद विषयातच अंगभूत आहे. तो लपविला न जाणे, यातच ग्रंथाचा प्रामाणिकपणा आहे.