बोल लावणारी माणसे

२०२० च्या चैत्रात टाळेबंदी लागली आणि दूरदर्शनने रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका २८ मार्चपासून पुन्हा दाखवायला घेतली. रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत बाहेर जाणे बंद, देवळे बंद. त्यामुळे शेजारची दोन-चार पोरे आमच्या ओटीवर बसून मालिका पाहत. लंकेचे युद्ध झाले, रावण पडला, पोरांनी टाळ्या पिटल्या. मग सीतामाईच्या अग्निपरीक्षेचा भाग आला. तो संपल्यावर आठवीतली एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, “आजोबा, मला हा राम नाही आवडला. पाप लागेल का हो?”

मी म्हणालो, “देवाबद्दल असे बोलू नये.” ती गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. माझे उत्तर चुकले होते. त्यानंतर हा प्रश्न बरेच दिवस माझ्या हरिपाठात येऊन बसला. जो राम आपल्या जिवाचा विसावा, तो पडद्यावर एका निर्मळ मनाच्या मुलीला नकोसा का वाटावा?

ही मालिका वाईट हेतूने केलेली नाही, हे आधी सांगतो. १९८७ च्या जानेवारीत ती सुरू झाली, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. लोक अंघोळ करून बसत, दूरदर्शन संचाला हार घालत. अरुण गोविल दिसले की लोक त्यांच्या पाया पडत. एवढा भाव ज्या मालिकेने जागवला, तिला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण जिथे ती अडखळली, ती जागा आपण पाहिली पाहिजे.

वाल्मीकींच्या युद्धकांडात रावणवधानंतर राम सीतेला फार कठोर बोलतो. वाल्मीकींनी ते झाकलेले नाही. पण त्यांनी सीतेलाही गप्प ठेवलेले नाही. एखाद्या सामान्य माणसाने सामान्य स्त्रीला बोलावे तसे तुम्ही मला बोलता, असे ती भर सभेत रामाला सुनावते. चिता रचताना लक्ष्मणाचा संताप आवरत नाही. सीता अग्नीत शिरल्यावर तर साक्षात देव येऊन रामाला विचारतात की, तू हिची उपेक्षा कशी करतोस? उत्तरकांडात स्वतः वाल्मीकी रामाच्या सभेत उभे राहून सीतेच्या शुद्धतेची ग्वाही देतात. म्हणजे ज्याने ग्रंथ रचला, तोच नायकासमोर जाऊन उभा राहिला. आपल्या आज्यांनी जात्यावर ओव्या गायल्या, त्यांतही सीतेचा वनवास आहे आणि रामाला लावलेला बोल आहे. तरी त्याच आज्या रामनवमीला पाळणा हलवत होत्या. त्यांच्या मनात या दोन गोष्टींचे भांडण नव्हते.

मालिकेने काय केले? लक्ष्मण रागावतो, तेव्हा राम त्याला समजावतो की ही सीता छायारूप आहे, खरी सीता आधीच अग्नीच्या स्वाधीन केलेली आहे. हा प्रसंग तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’तला. तिथे तो भक्तीच्या ओघात, सीताहरणाच्या आधी येतो. मालिकेत तो शेवटी येतो, खुलाशासारखा. पुढे लव-कुशांच्या भागात सीता स्वतःच वनात जाण्याचा आग्रह धरते. रामावर ठपका येऊ नये म्हणून एवढी खटपट. ठपका गेला खरा, पण सीतेचा प्रश्नही त्याबरोबर गेला. समोर बसलेल्या मुलीच्या मनात तो प्रश्न उरलाच होता. तो पडद्यावर विचारणारे कुणी राहिले नाही, म्हणून तिला एकटीने विचारावा लागला. आणि मी तिला गप्प केले.

नायक चुकला म्हणून लोक त्याच्यावर रुसत नाहीत. त्याला जाब विचारणारे माणूस कथेतून काढून टाकले, की तो परका होतो.

वारकऱ्यांना हे नवे नाही. आपले संत निर्दोष पुतळे म्हणून आपल्याकडे आलेच नाहीत. नामदेवरायांची कथा घ्या. मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहतात. बाकीचे शांत बसतात, नामदेवराय चिडतात, आणि काका त्यांना कच्चे मडके ठरवतात. देवाचा एवढा लाडका भक्त भर संतमेळ्यात कच्चा ठरतो, आणि आपण ती कथा आनंदाने सांगतो. कारण त्यापुढे विसोबा खेचर आहेत, गुरुकृपा आहे. खुद्द माऊली ताटी लावून बसली, तेव्हा धाकट्या बहिणीने दाराशी उभे राहून समजावले. जनाबाईंनी तर विठ्ठलालाच शिव्या घातल्या. आपण ताटीचे अभंग गातो ते ज्ञानोबांना कमी लेखायला नव्हे. त्या दाराशी मुक्ताई उभी आहे, म्हणून आत बसलेला भाऊ आपला वाटतो.

सगळ्यांत अवघड कथा गोरोबाकाकांची. तेरचा हा कुंभार नामस्मरणात माती तुडवतो आणि पायाखाली स्वतःचे मूल येते. कीर्तनकार हा प्रसंग कसा सांगतो ते आठवा. तो काकांच्या तल्लीनतेपाशी फार वेळ थांबत नाही. पाणी भरून परत आलेल्या आईकडे जातो. तिचा हंबरडा, तिचा संताप, देवाला दिलेला तळतळाट, सगळे मन लावून सांगतो. आपण त्या माऊलीबरोबर आधी रडतो, मगच पुढची पांडुरंगाची कृपा पचते. आता हीच कथा पडद्यावर कल्पून पाहा. कॅमेरा काकांच्या मिटलेल्या डोळ्यांवर, ओठांवरच्या स्मितावर, मागे मधुर संगीत. आणि आईचा आक्रोश दोन क्षणांत आटोपलेला. पाहणाऱ्याला काकांचा राग येईल. तो राग काकांवरचा नसेल, त्या मांडणीवरचा असेल.

कोणी म्हणेल, बाबा, हा पडद्याचाच दोष आहे. तसे नाही. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ आठवा. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा लोकांच्या हृदयात बसले, त्यात गौरीबाईंच्या आवलीचा मोठा वाटा आहे. ती दिवसभर नवऱ्याला आणि त्याच्या काळ्याला बोलत राहते. लेकरू आजारी पडते, तेव्हा पायातले हातात घेऊन देवळात शिरते. तिच्या चुलीची काळजी खरी आहे, तिचे प्रेमही खरे आहे. चित्रपटाने तिला खाष्ट ठरवून बाजूला केले नाही. आपण तिच्या बाजूचे होतो, आणि त्यामुळेच तुकोबांचेही होतो.

अलीकडे आपल्या दैवतांवर दैनिक मालिका आल्या. २०१४ साली ‘तू माझा सांगाती’, २०१७ ला ‘विठू माऊली’, २०२१ ला ‘ज्ञानेश्वर माऊली’. आषाढीला पंढरीला जाता न येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांना त्यांनी घरबसल्या दर्शन घडवले, हे उपकार आहेत. पण रोजच्या मालिकेला रोज एक भांडण लागते. मग बोलणारे माणूस कपटी होते आणि संत रोज तेच शांत हसू हसतात. शंभराव्या दिवशी ती शांती दगडासारखी वाटू लागते. आपल्या संतांची शांती तशी नव्हती. तुकोबांनी स्वतःला जितके बोल लावले, तितके मंबाजीलाही कधी लावता आले नसतील.

आमच्या कोकणात शिमग्याला नमन होते. त्यातल्या गौळणीत कृष्ण वाट अडवतो, पेंद्या त्याला साथ देतो. आणि मग मावशी पुढे येऊन त्या जगन्नाथाला असे फैलावर घेते की मांडवात हशा पिकतो. देवाला बोलल्याचे कुणाला वाईट वाटत नाही. हे खेळे गावकऱ्यांनीच जपले. त्यांना ठाऊक आहे की मावशी नसेल तर वाट अडवणारा कृष्ण नुसता दांडगट दिसेल.

निंदा वेगळी आणि रुसवा वेगळा. निंदा करणाऱ्याला त्या माणसाशी काही देणेघेणे नसते. रुसणाऱ्याला त्याच्याच घरी राहायचे असते. नायकाला मुद्दाम काळे फासून गर्दी जमवणाऱ्या मालिकांची बाजू मी घेत नाही. माझे म्हणणे एवढेच की, घरात पोरे देवाधर्माची मालिका पाहत असतील, तर आपणही त्यांच्यापाशी बसावे, आणि त्यांनी बोल लावला तर तो ऐकून घ्यावा. कीर्तनकारांनीही सीतेचा प्रश्न गाळून रामकथा सांगू नये.

ती मुलगी आता कॉलेजात जाते. परवा कार्तिकीला रत्नागिरीच्या विठ्ठल मंदिराच्या रांगेत भेटली. मी म्हणालो, “बाळ, तेव्हा तू विचारलेस ना, पाप लागेल का? नाही लागत. सीतामाईनेही तेच विचारले होते.” ती हसली. रांग पुढे सरकली, आणि आम्ही दोघे आत गेलो.

रामकृष्णहरी.