जाहिरात, ओळख आणि काम : अड्याळच्या निमित्ताने

'जाहिरात' हा शब्द 'जाहीर' या अरबी मूळच्या विशेषणापासून आला असून 'उघड केलेली गोष्ट' हा त्याचा मूलार्थ होय. प्रचाराच्या जुन्या रीतींनी हा अर्थ बऱ्याच अंशी पाळला. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात असलेल्या अड्याळचे उदाहरण घ्यावे. हा परिसर झाडीपट्टी रंगभूमीचा. दिवाळीनंतर मंडई व शंकरपट यांच्या निमित्ताने या भागात रात्रभर नाटके होतात. त्यांची वार्ता फलकांनी आणि ध्वनिक्षेपक लावलेल्या गाडीने गावोगाव पोचत आली आहे. फलकावर नाट्यमंडळ, नाटककार आणि आयोजक यांचा निर्देश वेगवेगळा असतो.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७९ मधील एका निबंधात 'वक्ता' या संज्ञेत दडलेल्या तीन भूमिका पृथक् केल्या : उच्चार करणारा, शब्द रचणारा आणि ज्याचे मत वा हित त्या शब्दांनी मांडले जाते तो. झाडीपट्टीच्या फलकावर हे तिन्ही ओळखता येतात. दवंडीतही तसेच. दवंडी देणारा दुसऱ्याचा निरोप सांगत आहे, हे 'ऐका हो ऐका' या आरंभीच्या शब्दांनीच श्रोत्यास कळते.

समाजमाध्यमांनी मोडला आहे तो हा संकेत. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने येथे 'रील' सुरू केली. या लघुचित्रफितीत गावातला तरुण घरच्या बोलीत बोलतो, 'का गा' म्हणून हाक मारतो, 'जी' म्हणून आदर दाखवतो आणि ओघातच एखाद्या बियाण्याची, कपड्याची वा शिकवणीवर्गाची भलावण करतो. उच्चार त्याचा आहे. शब्द कदाचित दुसऱ्याचे असतील. हित तर बहुधा तिसऱ्याचेच. ऐकणाऱ्याला मात्र एकच माणूस दिसतो, आणि तोही ओळखीचा.

येथे 'ओळख' या मराठी शब्दाची द्व्यर्थता उद्बोधक ठरते. ओळख म्हणजे परिचय. तो दोघांमध्ये असतो. ओळख म्हणजे स्वत्वही. ते एकाचे असते. 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणणाऱ्या झाडीबोलीला पाठ्यपुस्तकांत आणि वृत्तपत्रांत क्वचितच स्थान मिळाले. समाजमाध्यमांनी ते तिला दिले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या चित्रफितींत बोली केवळ हसू आणण्यासाठी वा माल खपवण्यासाठी येते, तेथे स्वत्व हे परिचयाचे भांडवल होते. 'गा' आणि 'जी' या शब्दांना पूर्वी नात्याचा आधार लागे. आता ते नसलेल्या नात्याचा आभास निर्माण करतात.

कायद्याने या संदिग्धतेची दखल घेतली आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शिकेनुसार शिफारस करणाऱ्याने आपला मोबदल्याचा वा अन्य लाभाचा संबंध उघड करावयाचा आहे, आणि तोही शिफारशीच्याच भाषेत. नियम योग्य आहे; पण 'भाषा' या शब्दाची व्याप्ती कोणती? शिफारस झाडीबोलीत आणि खुलासा कोपऱ्यातील प्रमाण मराठी अक्षरांत असेल, तर भाषा एकच राहिली असे तांत्रिकदृष्ट्या म्हणता येईल. भाषाव्यवहाराच्या दृष्टीने ते दोन वेगळे आवाज आहेत : एक शेजाऱ्याचा, दुसरा कचेरीचा. श्रोता पहिलाच ऐकतो.

कामाच्या बाबतीत ही संदिग्धता अधिक महाग पडते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने मंच-कामगार ही कोटी मान्य केली. तिच्या सातव्या अनुसूचीत आशय व माध्यम सेवांचाही उल्लेख आहे. परंतु संहितेतील मंच-कामाची व्याख्या मोबदल्यावर आधारलेली आहे. उद्या प्रसिद्धी मिळेल या आशेने जो आज रोज चित्रफिती तयार करतो, त्याचे श्रम या व्याख्येत सहजी बसत नाहीत. घरच्यांच्या दृष्टीने तो रिकामा आहे, मंचाच्या दृष्टीने 'वापरकर्ता' आहे, आणि स्वतःच्या दृष्टीने कलावंत. झाडीपट्टीच्या नटाला निदान नाटकाची रात्र संपते; याची भूमिका उतरवून ठेवण्याची वेळच ठरलेली नसते. कारण ती भूमिका त्याच्या स्वतःच्याच नावाची आहे.

तात्पर्य, समाजमाध्यमांवरील जाहिरातीचा मुख्य दोष अतिशयोक्ती हा नव्हे. अतिशयोक्ती दवंडीइतकीच जुनी आहे. ती स्वतःला जाहीर करीत नाही, हा तिचा दोष. त्यावर उपाय बोलीला मंचावरून हाकलण्याचा नाही. 'हे सांगायचे मला पैसे मिळाले आहेत' हे वाक्य त्याच तोंडून, त्याच बोलीत आणि आरंभीच उच्चारले गेले, तर दवंडीचा संकेत नव्या माध्यमात पुन्हा प्रस्थापित होऊ शकेल. त्या वाक्यानंतरही जी शिफारस टिकेल, तीच खरी ओळखीवर उभी आहे, असे म्हणता येईल.