लिहिताना पुस्तक मिटावे का?

आपल्याकडील नवोदित लेखकांत एक समजूत पक्की होत चालली आहे. कथा किंवा कादंबरी लिहायला घेतली की दुसऱ्याचे पुस्तक उघडायचे नाही. वाचले तर प्रभाव पडतो आणि अस्सलपणा जातो. परिसंवादात हे वाक्य हमखास टाळ्या घेते. ही समजूत सरसकट खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या भीतीतून ती आली ती भीती आणि तिच्यावरचा हा उपाय यांचा मेळ बसत नाही. मुस्लिम मराठी लेखकाच्या बाबतीत तर रोगापेक्षा इलाज भयंकर, असेच होण्याची शक्यता अधिक.

आमच्या राजापूरकरांना उदाहरणासाठी दूर जायला नको. मोरोपंतांचे घराणे मूळचे याच तालुक्यातल्या सौंदळचे. पंत जन्मले पन्हाळ्याला (१७२९) आणि आयुष्य गेले बारामतीत. हा माणूस दुसऱ्याचा ग्रंथ समोर उघडा ठेवूनच लिहीत असे. ‘आर्याभारत’ म्हणजे महाभारत समोर आणि आर्या हातात. रामायण तर त्यांनी एकशे आठ प्रकारे लिहिले असे सांगतात. त्यातले एक ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेले निरोष्ठ रामायण. पंतांना ‘भाषांतरकार’ म्हणून हिणवणारे समीक्षक होऊन गेले, आणि त्या एकशे आठांपैकी पुष्कळशी निव्वळ कसरत आहे हे मान्यच करावे लागेल. परंतु ‘केकावली’तला देवाशी हुज्जत घालणारा, त्याला आर्जवाने पेचात पकडणारा आवाज कुठून आला? पृथ्वी वृत्तात इतके सहज बोलण्याची ताकद त्या कसरतीशिवाय आली असती असे मला वाटत नाही.

आपल्या परंपरेचेही तसेच. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ १६४५चा. चांद बोधले यांच्याकडून आलेली कादरी सूफी वाट आणि मराठी ओवीची परंपरा अशा दोन्हींतून तो घडला. हुसेन अंबरखान यांनी तर ‘अंबरहुसेनी’ ही गीतेवरची मराठी टीकाच लिहिली. टीका लिहायची म्हणजे मूळ ग्रंथ मिटून चालतच नाही. ज्ञानदेवांनीही भाष्यकारांकडे वाट विचारत आल्याचे मोकळेपणाने सांगितले आहे. वाट विचारण्यात या कुणालाच कमीपणा वाटला नाही.

उर्दूत तरही मुशायरा असतो. आधी कुणा शायराचा एक मिसरा जाहीर करतात आणि त्याच वजनात, त्याच काफिया-रदीफमध्ये सगळ्यांनी गझल लिहून आणायची. म्हणजे दुसऱ्याची ओळ डोळ्यांपुढे ठेवूनच लिहायचे, आणि तरीही दहा जणांच्या दहा गझला वेगळ्या. कुणाचा शेर कुणाचा हे जाणकाराला मक्त्यातला तखल्लुस ऐकण्याआधीच कळते. कोकणातल्या मुसलमान घरांतून उर्दू शाळेत गेलेल्या पिढ्यांना हे नवे नाही. तरीही त्याच घरातला मुलगा मराठीत लिहू लागला की त्याला ‘प्रभाव’ या शब्दाची धास्ती वाटते, याचे मला नवल वाटते.

आता भीतीची खरी बाजू. आपल्या कथांतून साखरी नाट्याचा मच्छीमार ‘अर्थात’ आणि ‘कदाचित’ म्हणतो. त्याची बायको नवऱ्याला ‘तुमच्या वागण्याचा मला अर्थबोध होत नाही’ असे ऐकवते. घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू, आणि मराठी बहुतांशी छापील, असे ज्याचे भाषाजीवन आहे त्याच्या लेखणीत छापील मराठी पाझरणारच. पण ती कुठून पाझरते? जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनावरचे लेखन पाहा. एप्रिल २०११मध्ये साखरी नाट्यात गोळीबार होऊन एक मच्छीमार मरण पावला. एवढा जबर विषय. पण त्यावर नवख्या हातांनी लिहिलेल्या कथांतली पात्रे ‘संघर्ष’, ‘अस्मिता’, ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दांतच रडतात नि भांडतात. ही भाषा कादंबरीतून आलेली नाही. ती रोजच्या वर्तमानपत्रातून, वाहिनीवरच्या बातम्यांतून आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली आहे. पुस्तक मिटणारा लेखक वर्तमानपत्र मिटत नाही, मोबाइल तर नाहीच नाही. मन कोरे राहत नसते. चांगली भाषा बाहेर ठेवली की तिथे हाताशी असलेली येऊन बसते.

टेबलावर कोणते पुस्तक आहे यावर काय काय अवलंबून असते, हे माधव जूलियनांकडे पाहून कळते. माधवराव पटवर्धन फारसीचे प्राध्यापक. १९२५मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश आला. खय्याम त्यांनी १९२९मध्ये मूळ फारसीवरून मराठीत आणला आणि १९३१मध्ये ‘द्राक्षकन्या’ केली ती फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून. तोच कवी, तोच विषय, फक्त समोरचे पुस्तक बदलले. ‘गज्जलांजलि’ १९३३ची. आणि हाच कवी पुढे भाषाशुद्धीच्या चळवळीत गेला. ती चळवळ सावरकरांनी आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या स्थानबद्धतेच्या काळात (१९२४–३७) जोरात चालवली होती. फारसी शब्द कोशात जमवणाराच ते मराठीतून काढायला निघाला! माझे मत असे की पटवर्धनांची पहिली भूक त्यांच्या दुसऱ्या निष्ठेपेक्षा कवितेला अधिक मानवली. आपल्याला यातून घ्यायचे ते एवढेच की शुद्ध मराठीचीच पुस्तके उशाशी ठेवून लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकाच्या हातून त्याच्या घरातलेच शब्द आधी गळतील.

हमीद दलवाईंचे उदाहरण मात्र या वादात दोन्ही पक्षांना वापरता येते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा लेखक. ‘लाट’ १९६१चा, ‘इंधन’ १९६५ची. कोकणातल्या मुसलमानांचे गाव आतून दाखवणारी मराठी कादंबरी त्यांच्यापुढे जवळजवळ नव्हतीच. म्हणून काहीजण म्हणतात, नमुना नव्हता म्हणूनच ‘इंधन’ अस्सल उतरली. हे मला पटत नाही. गावाचा नमुना नसेल, पण गोष्ट आटोपशीर सांगण्याचा, निवेदकाने आपल्याच माणसांकडे न कढता पाहण्याचा संस्कार मराठी नवकथेने तोवर तयार करून ठेवला होता. दलवाई त्या हवेत वाढले. आज अडचण उलटी आहे. आता ‘इंधन’ हाच नमुना झाला आहे. मुंबईहून आजारी होऊन गावी परतणारा, अश्रद्ध, अलिप्त निवेदक आपल्या कितीतरी संहितांतून हिंडताना दिसतो.

तेव्हा माझा आग्रह एवढाच. गावावर कादंबरी लिहीत असाल तर पहिला खर्डा होईपर्यंत ‘इंधन’ कपाटात ठेवा, कारण ती फार जवळची आहे. पण ‘केकावली’ वाचा, गालिबची पत्रे वाचा, ‘योगसंग्राम’ची चार पाने रोज वाचा. अबू नुवासला त्याचा उस्ताद खलफ अल-अहमर म्हणाला, हजार जुन्या कविता पाठ कर. त्या पाठ झाल्यावर म्हणाला, आता त्या विसर, मग लिही, अशी अरबी अदबमधली आख्यायिका आहे. आमचे नवलेखक पहिला भाग गाळून थेट दुसऱ्यावर येतात.

आणि पुस्तके महाग आहेत, मिळत नाहीत, ही सबब नको. हालींनी लिहून ठेवले आहे की गालिब पुस्तके विकत घेत नसत, भाड्याने आणून वाचत आणि परत करत.