एक संहिता, दोन स्मृती : फ्रेंच-जर्मन इतिहासपुस्तक

बर्लिन येथे जानेवारी २००३मध्ये भरलेल्या फ्रेंच-जर्मन युवा संसदेने दोन्ही देशांसाठी समान इतिहासपुस्तकाची मागणी केली. तिचे फलित म्हणजे २००६ साली प्रसिद्ध झालेला, १९४५नंतरच्या युरोपचा व जगाचा इतिहास सांगणारा पहिला खंड. उच्च माध्यमिक शाळेच्या अंतिम टप्प्यातील विद्यार्थी हा त्याचा वाचक होय. आशय एकच, भाषा दोन. त्यामुळे मूळ कोणते व अनुवाद कोणता, हा तौलनिक साहित्याभ्यासाचा नेहमीचा प्रश्न येथे अपुरा ठरतो. निवेदकाचा आवाज मात्र एकजीव झालेला नाही. अमेरिकेच्या जागतिक भूमिकेचे फ्रेंच मूल्यमापन जर्मन मूल्यमापनापेक्षा अधिक टीकात्मक आहे. संपादकांनी हा भेद पुसून टाकला नाही. दोन्ही दृष्टिकोन स्वतंत्र पानांवर समोरासमोर मांडले. या ग्रंथाचे खरे सामर्थ्य सहमतीपेक्षा या मांडणीत आहे. इतिहास नेहमी कोणत्या तरी स्थानावरून सांगितला जातो, हे विद्यार्थ्यास येथे उपदेशाने नव्हे, उदाहरणाने कळते. तथापि हा संवाद दोघांपुरताच राहतो. याच कालखंडात, १९६२ साली, अल्जीरिया फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. परंतु वसाहतमुक्त समाज या रचनेत वर्ण्यविषय ठरतात, निवेदक नव्हेत. ‘जागतिक’ या विशेषणाची कसोटी तेथेच लागते.