शब्दाची जागा आणि वाक्याचा भार

रोमान्स भाषांत शब्दक्रम सैल असतो, हे विधान मला अपुरे वाटते. ‘फोन कुणी केला?’ याला इटालियन माणूस ‘आ तेलेफोनातो जान्नी’ असे उत्तर देतो. क्रियापद आधी, नवी माहिती शेवटी. ‘जान्नी आ तेलेफोनातो’ म्हटले, की बोलणे बहुधा आधीपासूनच जान्नीविषयी चाललेले असते. फ्रेंचला इथे अशी उलटापालट चालत नाही. ती ‘से जाँ की आ तेलेफोने’ अशी वेगळी रचना योजते. मराठीत मात्र भर असलेला शब्द सहसा क्रियापदाच्या लगेच आधी येतो : ‘फोन जान्नीने केला.’ म्हणून इटालियन क्रम तसाच ठेवून ‘फोन केला जान्नीने’ लिहिणारा अनुवादक शब्दांशी इमान राखतो. वाक्याचा भार मात्र हरवतो. आपल्या अनुवाद-समीक्षेने शब्दांबरोबर त्यांच्या जागाही तपासायला हव्यात.