‘आमच्याकडे तसंच असतं’ हे उत्तर नव्हे: ‘शॅल वी डान्स?’ पाहताना

पेटची तयारी करणारं कुणी ना कुणी दर महिन्याला विचारतं, "डान्स क्लास, सिनेमा असल्या विषयांवर पीएचडी होते का?" होते. मी करतेय. पण या विषयात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेली आहे. तुम्ही पडू नये म्हणून आज पेपरऐवजी एक सिनेमा वाचूया: मासायुकी सुओ यांचा १९९६चा जपानी ‘शॅल वी डान्स?’. शेवट सांगणार आहे, तेव्हा पाहिला नसेल तर आधी पाहून या.

गोष्ट साधी आहे. सुगियामा हा हिशेबनीस. घर घेतलंय, कर्ज डोक्यावर आहे, बायको-मुलगी आहे. रोज रात्री लोकलने घरी जाताना त्याला डान्स क्लासच्या खिडकीत उभी असलेली माई दिसते. एक दिवस तो मधल्याच स्टेशनवर उतरतो आणि क्लासला नाव घालतो. माईसाठी गेलेला माणूस हळूहळू नाचासाठी जायला लागतो. घरी मात्र काही सांगत नाही. शर्टाला येणाऱ्या अत्तराच्या वासावरून बायकोला, मासाकोला, संशय येतो आणि ती गुप्तहेर लावते.

सिनेमाचं बळ निरीक्षणात आहे. सुगियामा ऑफिसात टेबलाखाली पाय हलवतो, फलाटावर स्टेप्स घोकतो. रॉबर्ट स्टेबिन्स या समाजशास्त्रज्ञाने १९८२मध्ये ‘सीरियस लेझर’ ही संकल्पना मांडली: फावल्या वेळातला असा छंद, ज्यात माणूस चिकाटीने कौशल्य कमावतो आणि ज्यातून त्याची ओळखही बदलते. याच्या उलट ‘कॅज्युअल लेझर’, म्हणजे फारशा तयारीशिवाय मिळणारी करमणूक. सिनेमा पाहणं साधारण याच खणात टाकतात. ही संकल्पना पाठ करण्याआधी टेबलाखालचे ते पाय पाहा. आणि मग त्या गुप्तहेराकडे पाहा. तो पाळत ठेवायला येतो आणि बघता बघता नाचाचा शौकीन होऊन जातो. म्हणजे ‘नुसतं पाहणं’ हलकंच असतं असं नाही. दोन खणांमधली भिंत इतकी पक्की नाही, हे सिनेमा एकही व्याख्या न देता दाखवतो.

आता माझी तक्रार. इंग्रजी सबटायटल्ससह परदेशात गेलेल्या प्रतीत सुरुवातीलाच एक निवेदन येतं. त्याचा आशय असा: जपानमध्ये नवरा-बायकोसुद्धा चारचौघांत हातात हात घालत नाहीत, तिथे परक्याला मिठीत घेऊन नाचणं म्हणजे लाजेची परिसीमा. झालं, प्रेक्षकाला उत्तर मिळालं. सुगियामा का लपवतो? जपानी आहे म्हणून. जपानी का लाजतात? त्यांची संस्कृतीच तशी. हे स्पष्टीकरण गोल फिरून जागेवर येतं.

ते तपासायची सोय आपल्याकडे आहे. २००४मध्ये हॉलिवूडने हाच सिनेमा शिकागोत नेऊन पुन्हा केला. रिचर्ड गिअर वकील झाला. चारचौघांत बायकोचा हात धरायला तिथे कुणाची ना नाही. तरी हा वकीलही घरी लपवतोच! कारण तो वेगळं सांगतो: एवढं सगळं असताना आणखी सुख मागायची लाज वाटली. सिनेमा हा पुरावा नव्हे, हे मान्य. पण ‘संस्कृती’ बदलूनही लपवाछपवी टिकते, तेव्हा निवेदनातलं कारण पुरेसं नाही अशी शंका घ्यायला एवढं बस्स आहे.

शिवाय निवेदन एका गोष्टीबद्दल गप्प आहे: कायदा. करमणुकीच्या धंद्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या १९४८च्या जपानी कायद्यात कॅबरेंच्या जोडीला डान्स हॉल आणि नाच शिकवणारे क्लासही होते. पात्र शिक्षक असलेल्या क्लासना सूट मिळाली ती १९९८च्या दुरुस्तीने, म्हणजे सिनेमा आल्यावर. नाचाला या कायद्यातून खऱ्या अर्थाने मोकळीक मिळाली ती २०१५च्या दुरुस्तीने. सरकारदप्तरी ज्या क्लासचा खाना कॅबरेशेजारी, तिथे जाताना माणूस इकडे-तिकडे बघणारच. ही लाज नुसती मनातून आलेली नसावी. कायद्यानेही तिला हातभार लावला असेल. पण सावधान, कायद्याने शिकागो सुटत नाही. एक कारण हाती लागलं की शोध संपला, असं नसतं.

आता माझा खड्डा. पहिल्या वर्षी मी पुण्यातल्या एका साल्सा क्लासमध्ये नोंदी घेत होते. पन्नाशीच्या एक काकू घरी ‘योगाला जाते’ सांगून यायच्या. (त्यांच्या परवानगीने, ओळख पुसून लिहितेय.) मी वहीत ठोकून दिलं: "मध्यमवर्गीय मराठी संस्कृतीत बायकांना नाचायची लाज वाटते." गाईड मॅडमनी समासात दोनच शब्द लिहिले: "विचारलंत का?" नव्हतं विचारलं. पुढच्या आठवड्यात विचारलं, तर काकू हसल्या. "अगं, नाचाचं कुणाला काही नाही. फी ऐकली तर घरात बोंब होईल. योगाची फी निम्मी आहे, वरचे पैसे मी माझे घालते." माझं अख्खं प्रकरण त्या वाक्यावर उभं राहणार होतं.

गंमत म्हणजे सिनेमातही हे आहे. सुगियामा गटातल्या क्लासला बसतो, कारण एकट्याची शिकवणी महाग. घराचं कर्जही पहिल्यापासून समोर आहे. दृश्यं पैशाबद्दल बोलतात, निवेदन फक्त लाजेबद्दल. मी निवेदनावर विश्वास ठेवणारी प्रेक्षक होते आणि तशीच संशोधक झाले होते.

आणखी एक उणीव. शेवटी सुगियामा घराच्या अंगणात मासाकोला नाच शिकवतो. दृश्य गोड आहे, मी दर वेळी विरघळते. पण बुधवारची संध्याकाळ त्याला मोकळी मिळते ती घर तिच्याकडे आहे म्हणून. तिचा फावला वेळ कुठे गेला, हे सिनेमा विचारत नाही. तुम्ही विचारा.

तेव्हा प्रस्तावाचा मसुदा उघडा आणि ‘संस्कृती’, ‘मानसिकता’, ‘परंपरा’ हे शब्द शोधा. जिथे ते कारण म्हणून आलेत तिथे पेन्सिलीने लिहा: कोणता नियम? किती पैसे? कुणाचा वेळ? आणि शेवटी मॅडमचे दोन शब्द. विचारलंत का?