चंद्रलेखा यांचे ‘शरीर’ : अध्यात्म आणि देह

नृत्यनाट्याच्या समीक्षेत ‘आध्यात्मिक’ हे विशेषण फार सैलपणे वापरले जाते. प्रयोग संथ असला, संगीत गंभीर असले आणि रंगमंचावर प्रकाश बेताचा असला की समीक्षक हा शब्द लिहून मोकळा होतो. चंद्रलेखा (१९२८-२००६) यांच्या ‘शरीर’ (२००१) या अखेरच्या नृत्यरचनेला हे विशेषण लावताना मात्र थांबून विचार करणे अगत्याचे आहे. कारण येथे अध्यात्म देहाच्या पलीकडे जातच नाही.

यामागे भरतनाट्यमचा इतिहास आहे. विसाव्या शतकातील पुनरुज्जीवनात देवदासी परंपरेतील शृंगाराला भक्तीची वस्त्रे चढविण्यात आली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेली ‘कलाक्षेत्र’ ही संस्था या शुद्धीकरणाचे केंद्र ठरली. बालसरस्वती यांनी मात्र शृंगाराचीच बाजू आग्रहाने मांडली. महाराष्ट्रातील वाडा येथे जन्मलेल्या, पण चेन्नई ही कर्मभूमी असलेल्या चंद्रलेखा एल्लप्पा पिळ्ळै यांच्या शिष्या. ‘अंगिका’ (१९८५) पासून त्यांनी वेगळीच वाट धरली. देवकथा, दागिने, मुखाभिनय हे सारे दूर सारून भरतनाट्यम, योग आणि कळरिपयट्टू यांतील देहाची मूळ रचना त्यांनी समोर आणली.

‘शरीर’मध्ये ही काटछाट टोकाला जाते. रंगमंचावर एक स्त्री व एक पुरुष, सोबत गुंदेचा बंधूंचे ध्रुपदगायन. तिशानी दोशी आणि शाजी जॉन यांनी ही रचना दीर्घकाळ सादर केली. येथे कथा नाही, म्हणून ‘आधी अशी होती, नंतर अशी झाली’ असे परिवर्तनही नाही. आलापात एकेक स्वर जसा सावकाश उघडतो तसा देह उघडत जातो. पाय उचलण्यासारखी साधी क्रिया इतकी लांबते की प्रेक्षक प्रथम कंटाळतो, मग अस्वस्थ होतो आणि अखेरीस स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देऊ लागतो. (चित्रफितीवर हा परिणाम निम्म्याने उणावतो, पुढे सरकविण्याची सोय हाताशी असते.) परिवर्तन घडत असेल तर ते या ताणलेल्या काळात, नर्तिकेच्या आणि पाहणाऱ्याच्याही देहात.

मराठी वाचकाला हे अगदी अपरिचित वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीवर्णनात देह हीच साधनेची भूमी आहे. तेथील योगी मात्र एकटा आहे. येथे दुसऱ्या देहाची उपस्थिती आणि कामभावना साधनेतून वगळलेली नाही. चंद्रलेखा यांचे धाडस यात आहे. शृंगाराला भक्तीचे रूपक न करता त्या त्याला थेट ऊर्जा म्हणून पाहतात.

तथापि याच ठिकाणी एक प्रश्न उरतो, आणि चंद्रलेखा यांच्या गौरवपर लेखनात तो सहसा विचारला जात नाही. त्यांच्या ‘श्री’ या पूर्वीच्या रचनेत पाठीचा कणा वाकलेल्या स्त्रिया होत्या. ते वाकणे सोसलेल्या इतिहासाचे होते. ‘शरीर’मधील स्त्रीचा कणा ताठ आहे, परंतु तिला इतिहास नाही. ती ‘शक्ती’ हे तत्त्व झाली आहे. तत्त्व झालेल्या स्त्रीला दास्य नसते हे खरे. पण तिला नाव, वय आणि नकार देण्याची मुभाही नसते. स्त्रीमुक्तीच्या चळवळीसाठी भित्तिपत्रके रेखाटणाऱ्या कलावतीच्या अखेरच्या रचनेत ही उणीव प्रकर्षाने जाणवते.